भाऊजी आणि वारा

मूर्तिजापूरच्या जावयाला नाही म्हणायची आमच्या अमरावतीच्या घरात कुणाची टाप नाही. शिडाच्या होडीत बसायचं, असं भाऊजी म्हणाले. मी अंबा एक्स्प्रेसची तिकिटं काढली, ते मूर्तिजापूरला चढले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही मुंबईत गेटवेला हजर.

भाऊजींनी आधी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. "इतका पैसा घालून हेच पाणी? आमच्या हिरीत फुकट हाये." पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला माणूस, त्याला समुद्राचं काय अप्रूप!

मग होडीचं शीड अंगठ्याने चोळून पाहिलं. कपाशीवाल्याची सवय.

"पॉलिएस्टर हाय शेट," होडीचा तांडेल म्हणाला. कापसाचं शीड ओलं होतं, ताणतं, पोट सोडतं. मग वारा नीट धरत नाही. म्हणून गेल्या शतकाच्या मध्यापासून जगभर ते मागे पडलं.

"भाव पडला तो अठीच," भाऊजी माझ्याकडे रोखून म्हणाले. जणू ठराव मीच मांडला होता.

होडी घारापुरीच्या दिशेने सुटली, आणि तांडेलाने मोठ्या शिडाचा दोर भाऊजींच्या हाती दिला. त्यांनी त्याचा कासरा केला, पाय रोवले आणि असा आवळला की होडी आडवी व्हायला आली. सुकाणू तांडेलाच्या हातात झगडायला लागलं. होडी वाऱ्याकडे तोंड फिरवू पाहत होती.

"ढील द्या, शेट!"

"वारा जोराचा हाये, अन् ढील देऊ?"

मी गप्प. जावयाला वारासुद्धा शिकवू शकत नाही, मी कोण?

पण तांडेल आमचा नातेवाईक नव्हता. दोर सोडत जा, शिडाची पुढची कड फडफडली की थांबा, आणि फडफड बंद होईल एवढाच परत ओढा, असं त्याने सुनावलं. भाऊजींनी रागाने दोर सोडला. होडी सरळ उभी राहिली आणि चक्क जास्त पळू लागली! पुढच्या लहान शिडावर दोन्ही बाजूंना लोकरीचे धागे चिकटवलेले होते. दोन्ही आडवे मागे वाहिले तर शीड बरोबर. वाऱ्याकडचा उडाला तर दोर ओढायचा, पलीकडचा नाचला तर सोडायचा. आता भाऊजी त्या धाग्यांवर कापसाच्या ग्रेडरसारखे डोळे लावून बसले.

परतताना वारा समोरून. त्याच्या दोन्ही अंगांना सुमारे पंचेचाळीस अंशांत शिडाची होडी सहसा शिरत नाही, तेव्हा नागमोडी जाणं आलं. वेळ जावा म्हणून मी दिलीप दोंदे यांची गोष्ट काढली: गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' नौकेतून 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा, वाटेत फक्त चार थांबे.

"चारच? आमची शकुंतला गाडी होती तवा अचलपूरले जाऊस्तोर याहून जास्त थांबे घे."

किनाऱ्याला लागेपर्यंत भाऊजींनी तांडेलाला मूर्तिजापूरचं आमंत्रण देऊन टाकलं होतं.

"वारा असतो काय तिकडं?"

"मे महिन्यात ये न बाप्पा. टिनं उडते टिनं!"

"आणि पाणी?"

"टँकरनं आणू."