पाच एकरांची बहुराष्ट्रीय कंपनी

परदेशी धंद्यावर विसंबलेल्या कंपनीचं काय होतं, ते टाटा मोटर्सला विचारावं. 2008 साली तिनं जग्वार लँड रोव्हर घेतली. दहा वर्षांनी चीनमध्ये त्या गाड्यांची गिऱ्हाइकं आटली आणि डिसेंबर 2018 च्या एका तिमाहीत 27 हजार कोटींच्या आसपास तोटा दिसला. 2025 च्या ऑगस्टअखेरीस जग्वारच्या विलायतेतल्या संगणकांवर सायबर हल्ला झाला, तिथले कारखाने पाचेक आठवडे थंड, आणि घाम मुंबईला.

पण याच्या अभ्यासाला मुंबईपर्यंत कशाला जायचं? नांदेडच्या नव्या मोंढ्यात या. सोयाबीनचे कट्टे उतरवून घेणारा तो पाच एकरांचा मालक पाहा. अस्सल बहुराष्ट्रीय कंपनी! कारखाना कंधार तालुक्यात, कोरडवाहू. भाव ठरवणारं खातं शिकागोत, तिथं हिशेब सेंट आणि बुशेलमध्ये चालतो. प्रतिस्पर्धी ब्राझील-अर्जेंटिनात. धोरण विभाग दिल्लीत, आणि त्याला मुहूर्ताची जाण मोठी: 30 मे 2025 ला, ऐन पेरणीच्या तोंडावर, कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आलं.

2021 मध्ये तर कंपनी भलतीच तेजीत होती. लातूरला क्विंटलला दहा हजारांवर भाव गेला. ऑगस्टात सरकारनं 12 लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आणायला परवानगी दिली. तसलं सोयाबीन इथं पेरायला बंदी. पेंड होऊन जहाजानं आलं की पाहुणा. काढणीपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर. त्याच सालच्या डिसेंबरात सेबीनं सोयाबीनचे वायदेही बंद केले. बड्या कंपन्या डॉलर घसरण्याआधीच सौदे बांधून ठेवतात. आमच्या मालकानं काय बांधावं? बैल?

बड्या कंपनीचे अध्यक्ष 'जागतिक परिस्थिती प्रतिकूल' म्हणतात आणि भागधारक मुकाट्यानं समोसे खातात. मोंढ्यात ते वाक्य चालत नाही. अडत्या मूठभर दाणे तळहातावर चोळतो, एक दाताखाली धरतो, म्हणतो, "ओल हाय मामा." 2025-26 च्या हंगामात हमीभाव होता 5,328 रुपये, पण तो केंद्रावर, नोंदणी करून, ओलावा मोजून. शिकागोपासून दिल्लीपर्यंतची सगळी मंदी त्या ओलीत मुरते.

"मग पुढच्या साली?" मी विचारलं.

"सोयाबीन कमी करतो, दादा. तूर वाढवतो."

व्यवस्थापनशास्त्रात याला जोखीम विभागणं म्हणतात. दरसाल वाढवत दोन लाख टनांपर्यंत तूर मोझांबिकहून आणायचा करार भारतानं 2016 सालीच केला होता, हे मी त्याला सांगितलं नाही. त्याला अजून टेम्पोचं भाडं द्यायचं होतं.