इलियडचा उमेदवार

इलियड मूळ ग्रीकमधून वाचायला घेतलेला माणूस ओळखायला सोपा. तो इलियड वाचत नसतो, शब्द पाठ करत असतो.

हा बहुधा लंडन-बॉस्टनकडचा निवृत्त वकील नाहीतर गणिताचा प्राध्यापक. कुलदैवत श्लीमान. त्या जर्मन व्यापाऱ्यानं ग्रीक शिकून ट्रॉय खणायला घेतलं आणि मुलांची नावं आंद्रोमाखी आणि आगामेम्नॉन ठेवली. आमच्या गृहस्थाची मुलं तोवर मोठी झालेली, म्हणून बचावली. कुत्र्याचं नाव मात्र ओडिसिअसच्या कुत्र्याचं, आर्गोस.

ओवेन आणि गुडस्पीड यांनी १९०६ साली होमरच्या शब्दांच्या याद्या छापल्या. वारंवार येणारे शब्द आधी शिका, हा त्यांचा सरळ हिशेब. पण असे शब्द काय, कुणालाही येतात! याचा जीव जडलेला असतो तो अख्ख्या काव्यात एकदाच येणाऱ्या शब्दांवर. साडेपंधरा हजारांवर ओळींत असे शब्द हजारावर आहेत. एकेक पाठ करायचा, आणि त्याची पुन्हा गाठ म्हणून पडायची नाही. उलट ‘दे’, ‘ते’, ‘गे’, ‘आरा’ हे टीचभर शब्द पावलोपावली आडवे येतात आणि तिथेच याचं घोडं पेंड खातं.

चोविसाव्या सर्गात ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम खेचरांची गाडी जुंपायला लावतो. त्या गाडीचं जू, मेख, कडी, नऊ हातांचा जुवाचा पट्टा, सगळं याला मुखोद्गत. गाडी कुठे निघाली आहे, एवढंच विचारू नये. स्वारी अजून दुसऱ्या सर्गात, जहाजांच्या यादीत रुतलेली आहे. पुढची गोष्ट भाषांतरात वाचावी तर ते म्हणजे उष्टं खाणं! बायकोनं सुरी मागितली की ‘क्सिफोस, फास्गानोन की आओर?’ असं विचारतो. होमरकडे तलवारीला हे तिन्ही शब्द आहेत. सुरी तीच शोधते.

परवा मी सहज विचारलं, ‘‘लाकडी घोडा आला का हो?’’

‘‘अजून नाही. पण तयारी झालीय. फळ्या, खुंट्या, वाकस, सुतारकामाचे सगळे शब्द पाठ आहेत.’’

इलियडच्या चोवीस सर्गांत तो घोडा येतच नाही. त्याची हकिगत ओडिसीत आहे. मी गप्प बसलो. सांगितलं असतं तर त्यानं त्याच संध्याकाळी ओडिसीचे शब्द काढायला घेतले असते.