फुंकर न घातलेला घास

दूरचित्रवाणीवर शिजणाऱ्या अन्नाविषयी आमच्या नाचणगावात, निदान आमच्या आळीत, जी अश्रद्धा आहे, तिला माझी मोठी आई जबाबदार आहे, असे मी चारचौघांत म्हणालो तर ती माझ्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद गुदरणार नाही, उलट ताटात दोन पातोड्या जास्त वाढील. कारण आयुष्यात तिला कशाचा अभिमान असेल तर तो, आपल्या पाककौशल्याखालोखाल, दुसऱ्याच्या पाककौशल्यावरील आपल्या अविश्वासाचा आहे.

हकीकत २००७ च्या सुमाराची. झी मराठीवर 'आम्ही सारे खवय्ये' नावाचा कार्यक्रम नव्यानेच दाखल झाला होता आणि दुपारची झाकपाक करून आळीतल्या चार-सहा बाया निवडायची तूर सुपात घेऊन आमच्या ओसरीवर, आमच्या दूरचित्रवाणी संचासमोर, जमू लागल्या होत्या. पाकशास्त्राचे पुस्तक घरात नव्हते असे नाही; कमलाबाई ओगले यांचे १९७० सालचे 'रुचिरा' माझ्या पत्नीच्या माहेराहून आले होते आणि त्यातल्या वाटी-चमच्याच्या मापांना मोठ्या आईनेही कधी हरकत घेतली नव्हती. पुढे १९९३ पासून संजीव कपूर 'खाना खजाना' घेऊन आले, तेही तिने हिंदी भाषेच्या सबबीवर निमूटपणे चालवून घेतले. पण हा नवा प्रकार निराळा होता. येथे गृहिणी रांधीत, प्रशांत दामले त्यांच्याशी गप्पा मारीत, आणि अखेरीस तेच पदार्थ चाखून चवीची ग्वाही देत. पुस्तक कृती सांगते, पण आपणच शिजवलेले खाऊन आपणच डोळे मिटीत नाही. साक्षीदार उभा राहिला म्हणजे उलटतपासणी ओघानेच आली.

पहिल्याच दुपारी मोठ्या आईने पंचनामा सुरू केला. ओट्यावर कांद्याची वाटी, आल्याची वाटी, हळदीची वाटी, अशी मांडामांड बघून तिने मोजदाद केली आणि म्हणाली, "मिठाले बी वाटी? सतरा झाल्या. हे भांडे कोण घासते, ते काहून नाही दाखवत?" या प्रश्नाला ओसरीवर उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर अद्याप कोणत्याच वाहिनीवर नाही.

मग भाषेची अडचण उपस्थित झाली. आमच्याकडे हिरव्या कोथिंबिरीला सांबार म्हणतात, ही गोष्ट मुंबईच्या चित्रीकरणगृहास कोणी कळवलेली नसावी. एकदा इडलीबरोबर सांबार करणार असल्याची द्वाही फिरली, तेव्हा मोठी आई जुडीची वाट बघत बसली. पातेल्यात डाळ पडली, चिंच पडली, मसाला पडला, आणि जुडी काही येईना. शेवटी वरून चिमूटभर हिरवे भुरभुरले, तर बाई त्याला कोथिंबीर म्हणाल्या! "सांबाराले कोथिंबीर म्हनते अन् वरणाले सांबार," असा शेरा मारून तिने सूप आपटले, आणि त्या बाईंची साक्ष तेवढ्यापुरती अग्राह्य ठरली.

त्या काळात भारनियमन होते, हे वाचकांना आठवत असेलच. झाकण ठेवून पाच मिनिटे वाफ आणायची, इथवर कृती येई आणि नेमकी वीज जाई. ती परत येईतो तूर निवडून झालेली असे, बाया घरोघर गेलेल्या असत, आणि मोठी आई मात्र काळ्या पडद्याकडे बघत खऱ्याखुऱ्या कळवळ्याने म्हणे, "करपलं असन वो आता."

परंतु तिची मुख्य हरकत फुंकरीबद्दल होती. कढईतून निघालेला, वाफा येत असलेला घास माणूस तोंडात घालतो, त्यावर फुंकर नाही, हाशहूश नाही, जिभेवरून गालात आणि गालातून पुन्हा जिभेवर अशी त्याची बदलीही नाही, आणि गिळण्यापूर्वीच "अप्रतिम!" हा निकाल बाहेर पडतो. "तोंड नाही पोळलं त्याचं?" ती विचारी. मी दामल्यांची बाजू घेतली. ते थोर नट आहेत, 'मोरूची मावशी'पासून त्यांनी महाराष्ट्राला हसवले आहे, वगैरे. ही माझी घोडचूक झाली. "नाटकातला हाय नं? मंग झालं तर! नाटकात रिकाम्या कपात चहा पेतात," ती म्हणाली, आणि माझाच साक्षीदार माझ्यावर उलटला.

मी स्वतः सरकारी कचेरीत कारकुनी केली आहे, आणि गोपनीय अहवालांत वर्षानुवर्षे सरसकट सर्वांना 'चांगला' हा शेरा पडताना पाहिला असल्यामुळे तिचे म्हणणे मनातून मला पटत होते. रोज दोन पदार्थ आणि रोज दोन्ही अप्रतिम, असा योग कोणत्या स्वयंपाकघरात येतो? शिवाय हा वर्धा जिल्हा. याच जिल्ह्यात, सेवाग्रामच्या आश्रमात, १९३६ पासून अस्वाद हे एकादश व्रतांपैकी एक म्हणून पाळले गेले. जिभेचे चोचले पुरवायचे नाहीत असा तेथला दंडक. तेथून जवळच्याच आमच्या ओसरीवर रोज दुपारी परक्याच्या जिभेचा असा पंचनामा चालावा, याला काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे. मात्र एकही बाई एकही दिवस गैरहजर राहिली नाही, हेही हजेरीपटावर नोंदले पाहिजे.

एके दिवशी कार्यक्रमात पातोडीचा रस्सा झाला. रश्श्यात साखर पडलेली बघून मोठी आई काही बोलली नाही, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. संध्याकाळी पुलगावच्या बाजारातून परतलो, तर ताटात पातोडी होती आणि समोर ती, पदर खोचून, माझ्या तोंडाकडे बघत बसलेली. घास विस्तवासारखा होता. मी फुंकर घातली नाही; डोळ्यांत पाणी आणून, गिळण्यापूर्वीच, "अप्रतिम!" म्हणालो.

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग शांतपणे उठली, मिठाची बरणी आणून माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाली, "टाकलंच नव्हतं."