जॅक नेहमी तळाशी असतो : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

२०२१ साली राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याचं उमापुरात कुणाला फारसं कौतुक वाटलं नाही. गेवराई तालुक्यातल्या अशा गावांतून चाकावरची घरं दरसाल दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघतातच. पुढे ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, आत कोयते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हत्याराचं नाव माणसांना पडलंय. एकटा आला तर तो अर्धा कोयता. मुक्काम सांगली-कोल्हापूरकडच्या कारखान्यावर, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत. यंदा पहिल्यांदाच निघणार असाल, तर वाटेतल्या दुरुस्तीबद्दल थोडं ऐकून ठेवा.

निघण्याआधी हबमध्ये ग्रीस भरा आणि दोन ट्रॉल्यांमधली जोडपिन पाहून घ्या. पिनेला खालून खीळ नसेल तर मागची ट्रॉली मध्येच कुठे स्वतंत्र होईल, सांगता येत नाही. खीळ हरवली असल्यास जाड तार पिळून घालतात. ही तात्पुरती सोय असते, म्हणजे हंगामभर चालते.

आता पंक्चर. ते दिवसाढवळ्या, हॉटेलासमोर होत नाही. येरमाळा ओलांडल्यावर, बार्शीच्या रस्त्याला, रात्री दोनच्या पुढे होतं. ड्रायव्हर उतरतो, टायरला लाथ मारतो आणि विचारतो, "जॅक कुठंय?" जॅक ट्रॉलीच्या तळाशी असतो. निघायच्या दिवशी तोच आधी हाताशी होता, म्हणून तोच आधी टाकला. त्याच्यावर मुक्कामाच्या कोपीचे बांबू, त्यावर ताडपत्री, बाजरीची पोती, पत्र्याची पेटी, डाव्या कोपऱ्यात बांधलेली शेळी, आणि सगळ्यांवर गोधडी घेऊन झोपलेली पोरं. तेव्हा दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे संसार रस्त्याच्या कडेला मांडणे. पोरं झोपेतच उतरवा. आत्याबाईंना विचारा; ड्रायव्हरला ठाऊक नसतं, पण कोणत्या पोत्याखाली काय आहे ते त्या अंधारात हात घालून सांगतात. "दाजी, बाजरीच्या खाली न्हाय, मिरच्यांच्या खाली बघा."

जॅक मिळाला की लगेच लावू नका. आधी दुसऱ्या चाकांना दगड लावा. ट्रॉलीला बहुधा ब्रेक नसतो. चाक जमिनीवर असतानाच नट ढिले करा. नट हलत नसेल तर पान्याच्या दांड्यावर उभं राहून उड्या मारायच्या. या कामाला सगळ्यात वजनदार मेहुणा बोलवावा. बसवताना नट समोरासमोरचे आवळत जायचे, ओळीने नाही, नाहीतर चाक वाकडं बसतं. स्टेपनीही बसलेली निघाली तर ट्यूब काढा, हवा भरा, परातीतल्या पाण्यात फिरवा, बुडबुडा दिसला तिथे खूण करा. कोरडी करून कानशीने घासा, सोल्युशन लावून वाळू द्या, मग ठिगळ. सोल्युशन ओलं असतानाच ठिगळ दाबणारे वीस किलोमीटरवर पुन्हा भेटतात. परात पहाटेच्या भाकरीसाठी लागणार आहे, तेवढी घासून परत करा.

डिझेलच्या टाकीला झिरपा दिसला तर कपडे धुण्याचा साबण चोळा, थांबतो. इंजिनाने हवा धरली तर फिल्टरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारत राहा, फेस संपून नुसतं डिझेल आलं की आवळा. मांजरसुंब्याचा घाट चढताना दगड घेतलेला एक तरुण ट्रॉलीमागून चालतो. त्याला कोणी प्रशिक्षण दिलेलं नसतं. हुशारीही लागत नाही, फक्त झोप आवरावी लागते.

एवढ्यात टोळीच्या मुकादमाचा फोन येईल : "कुठवर आलात?" खरं ठिकाण सांगू नये, जिथे असाल त्याच्या एक गाव पुढचं सांगावं. पंक्चरचा खर्च कुणाचा, हे मात्र रस्त्यावर काढू नका. मजुरीची उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली असते आणि हिशोबाची वही त्याच्याकडे असते. पट्टा पडल्यावर ती उघडली की टायर कुणाच्या नावावर फुटला, ते कळतं.

चाक बसलं की सामान परत भरा. या वेळी जॅक वर ठेवायचा, असं सगळे ठरवतात. ड्रायव्हर तो स्वतः पोत्यांवर ठेवतो. मग आत्याबाई म्हणतात, पोरांच्या अंगाखाली लोखंड टोचंल, आणि तो दोन पोती बाजूला करून आत सरकवतात.