अहवाल आपल्याला, माणूस ॲक्सिसला

एप्रिल २०१८. पुण्यात कोंढव्याच्या एनआयबीएम या बँक-व्यवस्थापन संस्थेत रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर एन. एस. विश्वनाथन बोलायला उभे राहिले आणि त्यांनी बड्या कर्जदारांना व बँकांना खडसावलं. रिझर्व्ह बँकेचं फेब्रुवारीचं परिपत्रक कडक होतं. हप्ता एक दिवस चुकला तरी बँकेने हालचाल सुरू करायची. २,००० कोटींच्या वरच्या कर्जावर १८० दिवसांत तोडगा निघाला नाही, तर दिवाळखोरीचा दावा. वर्षभराने सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं. तरी तो बाणा पुण्याने ऐकला होता.

मार्च २०२० मध्ये त्यांनी पद सोडलं. २०२१ साली नागरी सहकारी बँकांच्या तज्ज्ञ समितीचे ते अध्यक्ष झाले. ठेवींनुसार बँकांचे चार गट करा, ही त्याच समितीची शिफारस. या बँकांचं दुखणं एवढ्या जवळून पाहिलेली माणसं देशात थोडी. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ॲक्सिस बँकेचे अध्यक्ष झाले.

यात गैर काही नाही. मध्ये साडेतीन वर्षं गेली होती, आणि पद बिगर-कार्यकारी. माजी अधिकारी खुर्चीत बसला की बँकेला अभय मिळतं, हेही मला पटत नाही. एचडीएफसी बँकेच्या अध्यक्षपदी माजी डेप्युटी गव्हर्नर श्यामला गोपीनाथ होत्या, तेव्हाच डिसेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या बँकेची नवी क्रेडिट कार्डं थांबवली.

माझा राग रुपी बँकेवरून आहे. १९१२ सालची, पुण्याची नागरी सहकारी बँक. फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले, ऑगस्ट २०२२ मध्ये परवाना रद्द. साडेनऊ वर्षं पेन्शनर स्वतःच्याच पैशांसाठी अर्ज करत राहिले. पाच लाखांपर्यंत विम्याचं कवच, वरचं अडकलं. अशा बँकेच्या संचालकांत, ती बुडण्याआधी, ताळेबंद वाचून टेबलावर हात आपटणारं कुणी हवं होतं. तसं शहाणपण रिझर्व्ह बँकेत घडतं आणि निवृत्तीनंतर ज्यांना परवडतं त्यांच्याकडे जातं.

त्या शहाणपणाला सहकारी बँकांत जागाही आहे. १०० कोटींच्या वर ठेवी असलेल्या नागरी बँकांना संचालक मंडळाशिवाय वेगळं व्यवस्थापन मंडळ नेमायला रिझर्व्ह बँकेनेच डिसेंबर २०१९ मध्ये सांगितलं. तिथे निवृत्त तपासणी अधिकारी बसवा. खासगी बँकेत जायचं असेल त्याने आधी दोन वर्षं इथे काढावीत, अशी अट घाला. मानधन सहकारी बँकेच्या माथी मारू नका, रिझर्व्ह बँकेने द्यावं. २०२५ मध्ये तिने केंद्र सरकारला २ लाख ६८ हजार कोटींहून अधिक वरकड रक्कम दिली.