बॉल इन युवर कोर्ट

रांजणगाव एमआयडीसीतल्या कुठल्याही कारखान्यात जा, सकाळच्या मीटिंगला मागच्या खुर्चीत एक अण्णा बसलेले सापडतातच. दहावीला इंग्रजीत 35 मार्कांवर सुटलेले. शाळेत पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली. तोवर अण्णा कामाला चिकटलेसुद्धा होते.

मीटिंगला साहेब पुण्याहून येतो, त्याच्यावरचा साहेब परदेशातून, आणि दोघं एकमेकांना वाक्प्रचार ऐकवत बसतात. अण्णा शब्दांच्या नादी लागत नाहीत. ते बघतात बोलणाऱ्याचे हात. एकदा साहेब म्हणाला, 'बॉल इज इन युवर कोर्ट.' कोर्ट म्हटलं की शिरूर तालुक्यातल्या माणसाला बांधाची केस आणि पुढची तारीखच आठवते. शेजारचा पोरगा हबकला. "अण्णा, कंपनीनं केस टाकली का काय?"

"गप. काम आपल्या गळ्यात पडलंय. बोलता बोलता फाईल सरकवली, दिसली न्हाय का?"

अर्थ सोळा आणे खरा. अण्णांच्या हिशेबी 'पीस ऑफ केक' म्हणजे ओव्हरटाइम मिळणार नाही. 'वुई विल क्रॉस दॅट ब्रिज' म्हटल्यावर पोरांना घोडनदीचा पूल आठवतो. अण्णांना कळतं की पगारवाढीचं आत्ता काढायचं नाही. 'एलिफंट इन द रूम' ऐकून मात्र त्यांनी एकदा दाराकडे बघून घेतलं. मग सगळ्यांच्या माना खाली गेलेल्या पाहून हळूच म्हणाले, "उसातला बिबट्या. ठावं समद्यांना हाय, नाव कोण घेतंय?" इंग्रजीच्या प्राध्यापकानं याहून बरं सांगितलं असतं, असं मला तरी वाटत नाही.

ही विद्या घराण्यातली. मनमाडची लाईन 1878 साली दौंडला येऊन मिळाली, गाव जंक्शन झालं, रेल्वे कॉलनीत अँग्लो-इंडियन कुटुंबं नांदू लागली. अण्णांचे वडील तिथं लोकोशेडला खलाशी. ड्रायव्हरसाहेब इंजिनाखालून इंग्रजीत काहीतरी ओरडायचा आणि हात बाहेर काढायचा. वडील त्या हाताची बोटं किती फाकली आहेत ते बघून बरोबर त्या मापाचा पाना ठेवायचे. शिवी आली तर ती मापात धरायची नाही, एवढंच व्याकरण.

अलीकडे मीटिंगा कॉम्प्युटरवर होतात आणि साहेब लोक कॅमेरा बंद ठेवतात. त्या दिवशी अण्णांचं इंग्रजी पार बसतं. नुसत्या आवाजाला हात कुठून असणार? मग ते शेजारच्या पोराला चहा पाजून अर्थ विचारतात, आणि त्यानं सांगितलेल्यावर विश्वास ठेवत नाहीत.

परवा नातीच्या इंग्रजी शाळेत गॅदरिंग होतं. स्टेजवर जाताना बाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली, हसल्या आणि म्हणाल्या, 'ब्रेक अ लेग!' आजीचा चेहरा उतरला. अण्णांनी बाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि निकाल दिला, "आशीर्वाद हाय." तरीपण उठून विंगेपर्यंत गेले आणि नातीला म्हणाले, "बाळा, पायऱ्या जपून चढ."