इंचभर केंड

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण ज्यानं केली त्यानं पी पफर पाळलेला नसणार. पाळला असता तर मसाल्याचा हिशेब त्यानं आण्यांत ठेवलाच नसता. मासा जेमतेम इंचभर. त्याच्यासाठी काचेची टाकी, वाळू, लाकडाचा ओंडका, दिवा, हवेचा पंप, स्पंजाचा फिल्टर, परडीभर पाणवनस्पती. आणि एवढं झाल्यावर गोगलगाई. त्यांच्याकडे मी नंतर येते.

हा मासा आपल्याच सह्याद्रीचा, पण खालच्या टोकाचा. केरळातल्या पंपा नदीतल्या माशांवरून सुंदरलाल होरा आणि के. के. नायर यांनी १९४१ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. तेव्हा तो मुलूख त्रावणकोर संस्थानात होता, म्हणून नाव पडलं कॅरिनोटेट्राओडॉन त्रावणकोरिकस. पुढे संस्थान विलीन झालं. मासा मात्र अजून तनखा चालू असल्याच्या थाटात वावरतो.

सासूबाई मालवणकडच्या. मोबाइलवरचा फोटो त्यांनी चष्मा वर-खाली करून पाहिला आणि म्हणाल्या, "अगो, ह्यो तर केंड! जाळी फाडणारो. ह्येका घरात कित्याक आणतंस?" ओळख अगदी बरोबर होती. समुद्रातला केंड आणि हा एकाच कुळातले. जपानात ज्या फुगूला कापायला स्वयंपाक्याकडे परवाना लागतो तोही याच घराण्यातला. हा मात्र पक्का गोड्या पाण्यातला. अंगाला खवले नाहीत, तोंडात चोचीसारखे दात, आणि घाबरला की पोटात पाणी भरून टम्म फुगायची खानदानी सवय. तो फुगलेला बघायचा म्हणून पाहुण्यांची मुलं काचेवर टकटक करतात. त्यांना बिस्किटं देऊन आतल्या खोलीत पाठवावं.

टाकी मी दीड फूट लांब, फूटभर रुंद आणि फूटभर उंच अशी घेतली. ऐकायला लहान वाटते, पण काठोकाठ भरली तर नुसतं पाणीच चाळीस किलोंच्या वर जातं. तेव्हा ती शोकेसवर ठेवायचा विचार सोडून द्यावा लागतो आणि घरातलं सगळ्यात दणकट टेबल, म्हणजे अर्थातच नवऱ्याचं, ताब्यात घ्यावं लागतं. वास्तुशास्त्र जाणणाऱ्या शेजारीणबाईंनी ईशान्य कोपरा सुचवला. ईशान्येला आमच्याकडे वॉशिंग मशीन आहे.

पाणी भरलं, क्लोरीन मारणारे थेंब टाकले, दिवा लावला. आता मासा? नाही. आता चार ते सहा आठवडे काही नाही. माशाच्या विष्ठेतून आणि उरल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, आणि तो माशाला विषासारखा. त्याचं नायट्राइट करणारे एक जीवाणू, ते नायट्राइटही वाईटच, म्हणून त्याचं नायट्रेट करणारे दुसरे जीवाणू, आणि नायट्रेट थोडंफार शोषून घेणाऱ्या वनस्पती. ही सगळी मंडळी फिल्टरच्या स्पंजात आणि वाळूत आधी नांदायला लागली पाहिजेत. त्यांना खायला मिळावं म्हणून रिकाम्या टाकीत चिमूटभर माशांचं खाद्य रोज टाकायचं. टाकीत मासा नाही आणि बाई श्रद्धेनं दाणे टाकताहेत, हे दृश्य आमच्या कामवाल्या मावशींनी बराच काळ निमूट सहन केलं. शेवटी त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी सासूबाईंकडे केली.

वनस्पतींचं शास्त्र वेगळंच. अनुबियास आणि जावा फर्न यांचा आडवा कंद मातीत पुरला की कुजतो, म्हणून त्यांना दोऱ्यानं लाकडाला बांधायचं. क्रिप्टोकोरिन लावली की ती आधी सगळी पानं गाळून लिबलिबीत होते. बघणारा हळहळतो, ती मात्र मुळांत जिवंत असते आणि यथावकाश नवी पानं काढते. जावा मॉस कुठेही टाका, वाढतं. दिवा सहा-आठ तासांपेक्षा जास्त ठेवला तर या सगळ्यांच्या आधी शेवाळ वाढतं, तेही न सांगता. एवढी झाडी नुसत्या शोभेसाठी नसते. पफर भांडखोर, त्यातून नर फारच. एकाला दुसरा सतत दिसत राहिला की मारामारी ठरलेली. मध्ये पानांचा पडदा असला तर दोघंही आपण एकटेच मालक असल्याच्या समजुतीत राहतात. मोठ्या नराच्या पोटावर काळसर रेघ आणि डोळ्यांमागे सुरकुत्या येतात, पण दुकानात मिळतात ती पिल्लं, आणि पिल्लं सगळी सारखीच दिसतात. मी एकच आणला. एकट्यानं राहायला त्याची काही हरकत दिसत नाही.

तो आला आणि टाकीच्या मालकीचा प्रश्न मिटला. हेलिकॉप्टरसारखा जागच्या जागी तरंगत तो एक डोळा वर, एक खाली फिरवून पाहणी करतो. दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरतात, त्यामुळे गोगलगाईवर नजर ठेवून तो त्याच वेळी माझ्या चहाच्या कपावरही नजर ठेवू शकतो. गोल्डफिश आपल्याला शोभा देतो; हा आपली तपासणी करतो. बाकी टाक्यांत माणूस मासा बघतो. इथे मला रोज सकाळी हजेरी द्यावी लागते.

आणि जेवण! डबीतलं कोरडं खाद्य तो बहुधा हुंगूनही बघत नाही. त्याला जिवंत किंवा गोठवलेलं लागतं. ब्लडवर्म, म्हणजे एका प्रकारच्या चिलटांच्या लालभडक अळ्या, यांची लादी सध्या आमच्या फ्रीझरमध्ये मटारशेजारी असते. मटारशेजारी बांगडा ठेवायला ज्यांची कधी ना नव्हती, त्या सासूबाईंनी मटार वरच्या कप्प्यात हलवले. त्याची खरी आवड मात्र गोगलगाय. दात आयुष्यभर वाढत राहतात, शंख फोडताना ते झिजतात, म्हणजे चैनही आणि औषधही. त्यासाठी खिडकीत एका बरणीत पाणी, पाल्याचा तुकडा आणि लहान गोगलगाई. त्या भरमसाट वाढतात. मी त्यांना प्रेमानं काकडी घालते आणि आठवड्याला मूठभर उचलून त्याच्या पुढ्यात टाकते. या व्यवहाराबद्दल फार विचार करू नये, विशेषतः श्रावणात.

गप्पी, गोल्डफिश, फायटर यांच्यासोबत हा मासा ठेवा असं कुणी सुचवलं तर ऐकू नका; लांब शेपट्या तो कुरतडतो. मुख्य म्हणजे आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो संकटप्रवण आहे, आणि शोभेच्या बाजारासाठी होणारी बेसुमार पकड हे त्याचं एक कारण. दुकानात येणारे बरेचसे मासे नदीतून धरलेले, उपाशी आणि पोटात जंत घेऊन आलेले असतात. म्हणून टाकीत पैदास केलेला मिळत असेल तर तोच घ्या, दोन पैसे जास्त पडले तरी. आत गेलेल्या पोटाचा मासा घेऊ नका. दुकानदाराला तुमच्यासमोर त्याला खाऊ घालायला सांगा, आणि मासा घरी आणण्याच्या महिनाभर आधी गोगलगाईंची बरणी भरा.